डोक्याची जखम भरल्यानंतर

आपल्या चिपळूण परिसरात मुलाच्या डोक्याला मार लागण्यास निमित्ते पुष्कळ. आंब्याफणसाच्या झाडावरून पडणे, शेवाळलेल्या पायरीवरून घसरणे, मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकीचा अपघात. (चार वर्षांवरील मुलासही कायद्याने हेल्मेट सक्तीचे आहे, पण वडिलांच्याच डोक्यावर ते नसते तेथे मुलाचे काय!) टाके निघतात, मूल चालूबोलू लागते आणि ‘बरा झाला’ म्हणून शाळेत धाडले जाते. खरी अडचण बहुधा तेथूनच सुरू होते.

मेंदू कवटीवर आदळला की इजा एकाच जागी राहतेच असे नाही. आतील बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग अधिक दुखावतो. लक्ष टिकविणे, राग आवरणे, नवे ध्यानात ठेवणे ही कामे मुख्यतः याच भागांची. पूर्वी शिकलेले मात्र पुष्कळदा शाबूत असते. त्यामुळे पाढे घडाघडा म्हणणारा मुलगा कालचा धडा आज विसरतो, आणि बाईंना वाटते, हा आळशी झाला. दुपारपर्यंत तो थकतो, चिडतो. मग शिक्षा ठरलेली.

लहान मूल मोठ्यांपेक्षा लवकर सावरते, असा समज आहे. १९३० च्या दशकात मार्गारेट केनार्ड या अमेरिकन संशोधिकेने माकडांवर केलेल्या प्रयोगांनी त्याला बळ मिळाले. पण ते प्रयोग हालचालींविषयीचे होते. शिकण्याची गोष्ट वेगळी. मोठ्या माणसापाशी आधीच्या ज्ञानाची शिदोरी असते, पाच वर्षांच्या मुलाला ती अजून बांधायची असते. शिवाय कपाळामागचा भाग विशीपर्यंत वाढत असतो. म्हणून दुसरीत लागलेल्या माराचा परिणाम कधी कधी आठवीत, अभ्यासाचा बेत स्वतः आखण्याची वेळ येते तेव्हा दिसतो. तोवर अपघात सर्वजण विसरलेले असतात.

आपल्यापैकी कित्येकजण उद्या शिक्षक होतील, म्हणून सांगतो. उपाय खर्चिक नाहीत. सुरुवातीस अर्धा दिवस शाळा, मध्ये विसावा, एका वेळी एकच सूचना व तीही फळ्यावर लिहून. बोर्डाच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना वाढीव वेळ मिळतो. परंतु २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत मेंदूच्या दुखापतीचे स्वतंत्र नाव नाही. परिणाम वाचेचा, हातापायांचा की बुद्धीचा, हे तपासूनच दाखला मागावा लागतो. त्यासाठी दवाखान्याचे कागद पालकांनी जपून ठेवावेत, आणि दरवर्षी नव्या वर्गशिक्षकांना अपघाताची हकीकत सांगावी.