जीवशास्त्राची पदवी आणि घरची मिळकत

गेल्या ज्येष्ठांत शेजारची कन्या दोन माहितीपत्रकें घेऊन आमच्याकडे आली. महाविद्यालय एकच, पदवीही बी.एस्सी.; पण वनस्पतिशास्त्राचें वार्षिक शुल्क कांहीं हजारांचें, तर जैवतंत्रज्ञानाचें त्याच्या कित्येक पट. वडील कर्ज काढावयास निघाले होते. “आजोबा, महाग तेंच चांगलें ना?” असें तिनें विचारलें.

वस्तुतः ह्या अंतराचें कारण विद्येंत नसून वेतनांत आहे. महाराष्ट्रांत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र हे जुने विषय बहुधा अनुदानित. त्यांच्या अध्यापकांचें वेतन सरकार देतें. जैवतंत्रज्ञानाचे वर्ग पुष्कळ ठिकाणीं विनाअनुदानित. तेथें वेतनापासून प्रयोगशाळेपर्यंत सारा भार पालकांवर. म्हणून शुल्क विचारण्यापूर्वीं वर्ग कोणत्या प्रकारचा, हें विचारावें. परगांवीं जावयाचें तर अनुदानित वर्गाच्या शुल्काहून खोली व खाणावळच जड होते, हें पालक विसरतात.

आणखी एक मौज. केंद्र सरकारनें २००८ मध्यें आरंभिलेल्या ‘इन्स्पायर’ योजनेंत, बारावीस आपल्या मंडळांत पहिल्या शेंकडा एक विद्यार्थ्यांत येणाऱ्यांसाठीं, वर्षास ८०,००० रुपयांची शिष्यवृत्ति ठेविली. तिच्या विषयसूचींत वनस्पतिशास्त्र आलें, जैवतंत्रज्ञान आलें नाहीं!

कन्येनें वनस्पतिशास्त्रास नांव घातलें. वडिलांचें समाधान मात्र अद्यापि झालेलें नाहीं; “स्वस्तांत कांहीं तरी खोट असेलच,” असें ते आम्हांस अजून ऐकवितात.