ड्रायव्हर नसल्याची तक्रार

सीएच३४० चिप असलेला आर्डुइनोचा स्वस्त बोर्ड लिनक्सच्या संगणकाला जोडला आणि पोर्टच्या यादीत त्याचे नाव उमटले नाही, की ‘लिनक्सपाशी याचा ड्रायव्हरच नाही, तो उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आणून बसवला पाहिजे’ असा निकाल तत्काळ दिला जातो. आणि तो देणाऱ्यांत केवळ नवशिके विद्यार्थी नसून त्यांना शिकविणारेही असतात, याचा मला खरोखर विषाद वाटतो. वस्तुतः या चिपचा ‘सीएच३४१’ नावाचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये कित्येक वर्षांपासून समाविष्ट आहे, आणि एफटीडीआय, सीपी२१०२, पीएल२३०३ यांचेही तसेच आहे. बाहेरून आणलेला ड्रायव्हर कर्नेलच्या पुढील आवृत्तीशी जुळेलच याची शाश्वती नसते, आणि मूळ दोष मात्र जागच्या जागी राहतो.

ज्यास शंका असेल त्याने बोर्ड जोडून लगेच ‘डीमेसेज’ हा हुकूम द्यावा आणि कर्नेलचे दप्तर स्वतः वाचावे. उबुंटू २२.०४ वर तेथे पुष्कळदा असे आढळते, की ड्रायव्हरने चिप ओळखली, तिला ‘टीटीवाययूएसबी०’ हे नाव बहाल केले आणि क्षणार्धात ते काढून घेतले. आणि त्याच नोंदीत ‘बीआरएलटीटीवाय’ हे नाव असते. ही ब्रेल फलक चालविणारी सेवा होय. काही ब्रेल फलकांचा ओळखक्रमांक या चिपप्रमाणेच १ए८६:७५२३ असल्यामुळे ती सेवा बोर्डालाच फलक समजून पोर्टचा ताबा घेते. म्हणजे ड्रायव्हर हजर असतो. त्याच्या हातून पोर्ट काढून घेतलेले असते! ज्या यंत्रावर ब्रेल कोणीच वापरीत नाही, तेथे ती सेवा खुशाल काढावी. परंतु महाविद्यालयाच्या सामायिक यंत्रावरून ती सरसकट उडविणे म्हणजे एखाद्या दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचनच बंद पाडणे होय. तेथे यूडेव्हच्या नियमांपैकी त्या क्रमांकाची तेवढी ओळ रद्द करावी.

डीमेसेजमध्ये एकही नवी नोंद आली नाही, तर आधी केबल बदलावी; केवळ चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या तारा नसतात.

पोर्ट दिसते पण उघडत नाही, म्हणून ‘सीएचमॉड ७७७’ देणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की बोर्ड काढून पुन्हा जोडताच ती परवानगी लुप्त होते. आपले नाव ‘डायलआउट’ गटात (आर्चवर ‘यूयूसीपी’) दाखल करावे आणि लॉगआउट करून पुन्हा आत यावे. यादीतील टीटीवायएस० ते टीटीवायएस३ ही नावे तेवढी पोर्टे प्रत्यक्ष असल्याचा दाखला नव्हेत. टीटीवाययूएसबी० हा क्रमांकही कायमचा नसतो. कायमच्या नावासाठी ‘बाय-आयडी’ निर्देशिकेखालील नावे आहेत, मात्र सीएच३४० मध्ये बहुधा स्वतंत्र अनुक्रमांक नसल्याने दोन सारखे बोर्ड असतील तर ‘बाय-पाथ’चाच आधार घ्यावा.