खर्च आधी, हिशेब मागाहून

कंपनी दिवाळखोरीत निघाली की तिच्या पैशातला पहिला वाटा प्रक्रियेच्या खर्चाला जातो. अवसायन झाले तर दिवाळखोरी व नादारी संहितेच्या कलम ५३ नुसार, आणि पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली तर कलम ३० नुसार हा खर्च आधी चुकता करावा लागतो. बँका, ठेवीदार, पुरवठादार यांची पाळी त्यानंतर येते. म्हणजे ही प्रक्रिया चालवणाऱ्या व्यावसायिकाच्या, रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या, शुल्कातला प्रत्येक रुपया अखेर घेणेकऱ्यांच्याच वाट्यातून निघतो. गेल्या काही वर्षांत या शुल्काचे नियम आणि तपशील संकेतस्थळांवर आले, ही मोठीच सुधारणा. पण माहिती कुठे आहे हे सांगणे वेगळे आणि ती घेणेकऱ्याच्या हाती देणे वेगळे. पुण्यापुरता मागोवा घेतला तरी पहिले बरेच झाले, दुसरे मात्र राहून गेले असे दिसते.

१९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात रिसीव्हरचा मोबदला न्यायालय ठरवत असे. व्यक्तींच्या नादारीसाठी तो कायदा पुण्यात आजही बव्हंशी लागू आहे. त्या व्यवस्थेत हिशेब पाहायचा तर शिवाजीनगरच्या न्यायालयाची पायरी चढणे आले. २०१६ च्या संहितेने कंपन्यांसाठी ही चौकट बदलली. जानेवारी २०१८ मध्ये दिवाळखोरी मंडळाने परिपत्रक काढून शुल्क कामाच्या मानाने वाजवी असावे असे बजावले. त्याच वर्षी जूनमध्ये, खर्चाचा बाबवार तपशील व्यावसायिकांच्या संस्थेकडे द्यावा आणि संस्थेने तो संकेतस्थळावर टाकावा, अशी सोय झाली. न्यायालयाच्या दप्तरात पडून राहणारा आकडा अशा रीतीने पडद्यावर आला.

सप्टेंबर २०२२ मध्ये तर शुल्काचे कोष्टकच आले. मान्य दावे ५० कोटींपर्यंत असतील तर महिन्याला किमान १ लाख, ५०० ते २,५०० कोटी असतील तर किमान ३ लाख, आणि १०,००० कोटींच्या वर किमान ५ लाख रुपये. फार कमी मोबदल्यात काम रेटले जाऊ नये यासाठी ही तळरेषा समजण्यासारखी आहे. पण ती तळरेषा आहे. शुल्क जास्तीत जास्त किती, हा घेणेकऱ्याचा प्रश्न हे कोष्टक सोडवत नाही. शेकडो कोटींच्या दाव्यांपुढे ३ लाख म्हणजे किस झाड की पत्ती, असे कोणी म्हणेल. मात्र हे शुल्क महिन्याचे आहे. संहितेच्या ३३० दिवसांत ते सुमारे ३३ लाख होते. प्रक्रिया ४५ महिने चालली तर १ कोटी ३५ लाख. शिवाय वकील, मूल्यांकनकार, सुरक्षारक्षक यांचा खर्च वेगळा.

हा काळ काल्पनिक नाही. पुण्याच्या डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्स या बांधकाम कंपनीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने सप्टेंबर २०१९ मध्ये दाखल करून घेतले आणि योजना मंजूर झाली ती जून २०२३ मध्ये. अशा प्रकरणांत ठेवीदार आणि सदनिका घेणारे कायद्याने वित्तीय घेणेकरी ठरतात, आणि वित्तीय घेणेकऱ्याने दावा फक्त इलेक्ट्रॉनिक मार्गानेच करायचा असतो. पुरवठादाराला किंवा कामगाराला टपालाची मुभा आहे. आयुष्याची पुंजी ठेवीत घातलेल्या निवृत्ताला नाही. जाहीर नोटीस इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रातही छापावी लागते. तिच्यात अर्जाच्या नमुन्यांचा दुवा दिलेला असतो. पण त्या दुव्यापलीकडचे नमुने आणि नियम मराठीत नसतात. घेणेकऱ्यांच्या समितीत बँका आहेत, त्या खर्चावर लक्ष ठेवतीलच, हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. बँकेपाशी विधी विभाग असतो. ठेवीदारांचा वर्ग प्रतिनिधीमार्फत मत देतो आणि मतदान करणाऱ्यांपैकी अर्ध्याहून अधिक मतांचा कौल साऱ्या वर्गाचा धरला जातो. त्या कौलाला अर्थ यायचा तर मत देणाऱ्याला खर्च आधी कळला पाहिजे.

यावर सर्वांत सबळ आक्षेप असा, की हजारो घेणेकऱ्यांना कागद पाठवायचा तर प्रक्रियेचाच खर्च वाढेल. हे खरेच आहे आणि म्हणून संकेतस्थळ सोडून देण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये २०१७ पासून लागू असलेल्या नियमांनी दोन्ही साधले आहे: कागदपत्रे संकेतस्थळावर ठेवता येतात, पण घेणेकऱ्याने मागितली तर छापील प्रत फुकट द्यावी लागते. आपल्याकडे याहून कमी खर्चात भागेल. दाव्याच्या पोचपावतीसोबत मराठीत एक पान जोडावे: मासिक शुल्क किती, ते कोणी मंजूर केले, आजवरचा एकूण खर्च किती आणि शंका कोणाला विचारायची. मजकूर एकदाच लिहायचा, आकडे तेवढे बदलायचे. ज्याच्या पैशातून हा खर्च निघतो त्याच्यापर्यंत हिशेब पोचवण्याचे काम खर्च करणाऱ्याचे आहे. घेणेकऱ्याने तो शोधत फिरावे, ही अपेक्षा उलटी आहे.