सही केली तरी ‘नको’ म्हणता येतं

आम्ही दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. कुटुंब नियोजनाचं शिबिर होतं. एका बाईनं सकाळी फॉर्मवर अंगठा दिला, हिरवे कपडे घातले, हाताला सुईही टोचून झाली. टेबलाजवळ आल्यावर मात्र ती थांबली. “सिस्टर, नगं. मला आज न्हाई करायचं.” सासू चिडली. आमच्यातलीच एक सिस्टर म्हणाली, “अगं, अंगठा दिलायस की!” डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि तिला घरी पाठवलं. ऑपरेशनची संमती अगदी टेबलावरसुद्धा मागे घेता येते. दवाखान्यातला हा साधा नियम आहे.

हा नियम अंथरुणात का चालत नाही, हे कळंबच्या वस्तीतल्या बायकांनी आम्हाला विचारलं. वर्षावासातलं ग्रंथवाचन संपलं होतं, पुरुषमंडळी उठून गेली होती. एक जण पदर सावरत म्हणाली, “ताई, लग्नात एकदा हो म्हणलंय. मग रोज रात्री नगं कसं म्हणायचं?” बाकीच्या हसल्या. मग कुणीच हसेना.

दिवसभर उसाच्या सरीत वाकून खुरपायचं, संध्याकाळी चूल, पाणी, पोरं. एका खोलीत सहा माणसं. त्यात नवऱ्याला नको म्हटलं की तो पिऊन येतो किंवा चार दिवस बोलत नाही, म्हणून बाई डोळे मिटून पडून राहते. हिला आम्ही संमती म्हणत नाही. भांडण टाळण्यासाठी दिलेली ती किंमत आहे.

शरीराचं सांगतो. मन तयार नसलं की योनीमार्ग कोरडा राहू शकतो, स्नायू आवळले जाऊ शकतात. तशात संबंध आला तर बारीक जखमा होतात, आग होते, लघवीला जळजळ लागते. बाळंतपणानंतर किंवा गर्भ पडल्यावर अंग भरून यायला वेळ लागतो, तेव्हा तर हे फार वाईट. “अंगावरून जातंय, ओटीपोट दुखतंय” म्हणत कितीतरी बाया आमच्याकडे यायच्या. आम्ही गोळ्या द्यायचो. घरी काय चाललंय हे विचारायचो नाही. ती चूक आमची.

आणखी एक गोष्ट. भीती वाटली की प्रत्येक जण ओरडतो किंवा हात झटकतो असं नाही. पुष्कळांचं अंग थिजतं, घशातून आवाज फुटत नाही. पण अंगावर ओरखडा नाही, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची मर्जी होती, असं आपल्या देशातल्या सर्वात मोठ्या न्यायालयानंसुद्धा एकदा मानलं होतं.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात हे प्रकरण घडलं. आज हे गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं. एका आदिवासी मजूर मुलीनं दोन पोलिसांविरुद्ध अत्याचाराची तक्रार केली. वय चौदा ते सोळा. सत्र न्यायालय म्हणालं, हिला संबंधांची सवयच होती, आणि दोघे सुटले. नागपूर खंडपीठानं तो निकाल फिरवला. भीतीनं गप्प राहणं वेगळं आणि राजीखुशी वेगळी, असं त्या न्यायाधीशांनी म्हटलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा उलटवलं. खुणा नाहीत, ओरडली नाही, म्हणून दोघे पोलीस निर्दोष.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ ला कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालय तिचं खरं धरून चालतं. २०१३ ला आणखी स्पष्ट झालं. संमती म्हणजे त्या त्या कृतीला शब्दांनी किंवा खुणेनं दिलेला स्पष्ट, राजीखुशीचा होकार. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेतही हे तसंच आहे. ती मुलगी मजुरी करणारी, गरीब घरची होती. तिला न्याय मिळाला नाही, पण तिच्यामुळे आपल्या लेकींना कायदा मिळाला.

‘त्या त्या कृतीला’ हे शब्द नीट वाचा. काल हो होतं म्हणून आज हो नाही. जवळ बसायला हो म्हणजे पुढच्या सगळ्याला हो नाही. सुरुवातीला हो म्हटलं आणि मध्येच दुखलं, भीती वाटली किंवा नकोसं झालं, तर थांब म्हणता येतं, आणि समोरच्यानं थांबायचं असतं. मे २०२५ मध्ये नागपूर खंडपीठानंच सांगितलं की एखाद्या पुरुषाशी पूर्वी संबंध होते म्हणून प्रत्येक वेळी संमती आहे असं होत नाही. नशेत असलेल्या बाईचं हो धरायचं नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या हो ला कायद्यात अर्थच नाही. मोबाईलचंही तेच. फोटो काढू दिला म्हणून तो मित्रांना पाठवायला परवानगी मिळत नाही.

नवऱ्याच्या बाबतीत मात्र कायदा अजून अर्धाच आहे. बायको अठराच्या आतली असेल, तरच नवऱ्याची जबरदस्ती बलात्कार ठरते; ती वेगळी राहत असेल तर तो वेगळा गुन्हा ठरतो. बाकीच्या बायकांसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. लैंगिक छळ त्यात स्पष्ट धरलेला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

दादा लोकांनी हे पान उलटू नये. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत पोरींना सांगितलं होतं, लग्न झाल्यावर नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभं राहा, गुलाम होऊ नका. तिथं हजारो बायका होत्या, आणि त्यांच्या घरी नवरेही होतेच. आज तिला विचारायला लागलात तर काही कमी होत नाही. “बरं वाटतंय का?” एवढं विचारता येतं. ती गप्प राहिली तर तेही उत्तर आहे. तिसरं शील घरात पाळायला याहून वेगळं काय लागतं?

जबरदस्ती झाली असेल तर आधी दवाखाना गाठा. पोलीस तक्रार नसली तरी सरकारी आणि खाजगी, दोन्ही दवाखान्यांनी फुकट उपचार द्यायचे असतात. गर्भ राहू नये आणि एचआयव्ही लागू नये यासाठीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हव्यात, जितक्या लवकर तितकं चांगलं. शक्य असेल तर अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. केली असेल तरी घाबरू नका, या. ११२ ला फोन लावा, मूल असेल तर १०९८ ला.

तपासणीच्या आधी तिथंही तुमच्यापुढे एक फॉर्म येईल. काय तपासणार ते विचारा. कुठल्याही टप्प्यावर “हे नको” म्हणता येतं. तपासणी नाकारली म्हणून उपचार थांबवता येत नाहीत, हे समोरच्या सिस्टरला माहीत नसेल तर हे पान दाखवा.