लाकडाचा हिशेब कोणत्या खात्यात?

आगपेटी ही लाकडाची वस्तू आहे, असे वर्गातले बहुतेक विद्यार्थी सांगतील. अंबरनाथमध्ये तर हे उत्तर हमखास येईल. स्वीडिश भांडवलावर १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे ‘विमको’चा, मोठा कारखाना तिथे होता. काडीसाठी सावरीसारख्या मऊ लाकडाचा ओंडका यंत्रावर फिरवून पातळ पापुद्रा काढतात आणि त्याच्या काड्या कापतात. तरीही २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात आगपेट्या लाकूड-उद्योगात मोडत नाहीत. त्यांची जागा विभाग २० मध्ये, रासायनिक पदार्थांबरोबर आहे. टोकावरचा गूल काडीला भारी पडतो!

शेजारच्या उल्हासनगरात, १९४९ साली निर्वासित सिंधी कुटुंबांसाठी वसवलेल्या या गावात, फर्निचर बाजार प्रसिद्ध आहे. पण फर्निचरचा विभाग ३१ आहे आणि त्यात लाकडी पलंगाबरोबर लोखंडी कपाट व प्लॅस्टिकची खुर्चीही येते. लाकूड-उद्योग म्हणजे विभाग १६. त्यात फळ्या, प्लायवूड, खोकी, दाराच्या चौकटी आणि बांबूच्या टोपल्यासुद्धा आहेत. बदलापुरात नव्या इमारतींची कामे सतत चालू असतात. तिथल्या सुताराने कारखान्यात चौकट बनवली तर ती विभाग १६ मध्ये. पण घरात जाऊन ती बसवण्याचे काम बांधकामात मोजले जाते.

तेव्हा ‘या तीन गावांतला लाकूड-उद्योग केवढा?’ या प्रश्नाआधी कोणते विभाग धरायचे ते ठरवावे लागते. ते न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी समजावा.

दुसरी अडचण बेरजेची. समजा, वखारीने ४,००० रुपयांचे ओंडके घेऊन ५,५०० रुपयांच्या फळ्या विकल्या. वीज व इतर खर्च ३०० रुपये. सुताराने त्या फळ्या घेतल्या, बिजागऱ्या, पॉलिश, वीज यांवर १,५०० रुपये खर्चले आणि पलंग दुकानदाराला ११,००० रुपयांना दिला. दोघांची विक्री मिळून १६,५०० रुपये होते. पण यात फळ्यांची किंमत दोनदा आली आहे. म्हणून विक्रीतून विकत घेतलेला माल व सेवा वजा करतात. वखारीची मूल्यवृद्धी १,२०० रुपये, सुताराची ४,००० रुपये, एकूण ५,२०० रुपये. मजुरी, भाडे, व्याज, नफा हे सारे यातूनच दिले जाते. ओंडक्याचे ४,००० रुपये जंगलाच्या किंवा आयातीच्या खात्यात जातात आणि दुकानदाराचा नफा व्यापाराच्या.

आता उद्या सुतारानेच वखार विकत घेतली तर? विक्री १६,५०० वरून ११,००० वर येईल. एकही पलंग कमी झालेला नसताना उद्योग एक-तृतीयांशाने घटल्याचे दिसेल. मूल्यवृद्धी मात्र ५,२०० रुपयेच राहील. उलाढालीच्या आकड्यांवर विसंबून उद्योग वाढला की बुडाला हे सांगणाऱ्यांना हे उदाहरण जरूर दाखवावे.

आकडे येतात कुठून? वार्षिक औद्योगिक पाहणी मुख्यतः कारखाने अधिनियम, १९४८ खाली नोंदलेल्या कारखान्यांची असते. मूळ कायद्याप्रमाणे वीज असल्यास दहा आणि नसल्यास वीस कामगार लागत असत. पाच-सहा माणसांचे सुतारखाने त्यातून निसटतात. त्यांच्यासाठी असंघटित उद्योगांची नमुना पाहणी आहे, पण तीन गावांपुरता आकडा काढता येईल एवढा तिचा नमुना मोठा नसतो. मग दर कामगारामागची सरासरी मूल्यवृद्धी घेऊन तिला कामगारांच्या संख्येने गुणावे लागते. राज्याची सरासरी घेतली तर तिच्यात गडचिरोलीचा बांबू विणणारा आणि उल्हासनगरजवळ यंत्रावर प्लायवूड कापणारा एकाच तागडीत बसतात. सुताराचे मूल्य त्यामुळे कमी धरले जाण्याचा संभव आहे, आणि कर्ज, वीज किंवा गाळे यांची मागणी करताना त्याच्या हाती तोच आकडा असतो.

वर्गातल्या मुलांना जवळच्या सुतारखान्यात पाठवून हा हिशेब करून घेता येईल. ‘धंदा किती?’ असे विचारू नये. महिन्यात काय काय विकत घेतले आणि काय काय विकले ते विचारावे. विकलेल्या मालात मुले एक गोष्ट हटकून विसरतात: भुसा आणि ढलप्या. त्याही कोणीतरी पैसे देऊन नेत असतो.