परक्यांची थडगी, आपल्या समाध्या

शकुंतला आम्हा मराठी माणसांच्या घरचीच. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्याआधी, १७८९ मध्ये, कालिदासाची ही नायिका इंग्रजीत नेणारे सर विल्यम जोन्स १७९४ पासून कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीत विसावले आहेत. अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८३१ मध्ये निवर्तलेला कवी-शिक्षक डिरोझिओही तेथेच आहे.

१७६७ मध्ये सुरू झालेली ही दफनभूमी पुढे विस्मृतीत गेली. विटाचुन्याच्या मनोऱ्यांत वड-पिंपळांनी मुळे रोवली. रस्त्यापलीकडची उत्तरेकडील दफनभूमी तर १९५३ मध्ये नाहीशी झाली. हिचीही तीच गत व्हायची. परंतु १९७८ मध्ये तेथील काही नागरिकांनी संस्था स्थापून जीर्णोद्धार हाती घेतला. थिऑन विल्किन्सन यांनी १९७६ मध्ये इंग्लंडात उभारलेली संस्थाही अशा कार्याच्या पाठीशी आहे. काम चिकाटीचे. मूळ ओढून काढावे तर भिंतच सुटते. ते धीराने कापावे लागते, मग चुन्याने भेगा बुजवाव्या लागतात.

आमच्याही नदीकाठी पूर्वजांच्या समाध्या, वृंदावने आहेत आणि त्यांच्या माथ्यावरही पिंपळ डोलतो आहे. परक्यांच्या थडग्यांसाठी इतरांनी एवढे केले. पावसाळा सरला की एखाद्या रविवारी आपणही कोयता नि घमेले घेऊन तेथे जमावे, एवढेच आमचे मागणे.