'पापणी पडणे' : एक शब्दप्रयोग, तीन अवस्था

'टोसिस' हा ग्रीक शब्द व्याकरणाच्या अभ्यासकास अपरिचित नसावा. 'पडणे' हा त्याचा मूळ अर्थ. ग्रीक वैयाकरणांनी तो विभक्तीसाठी योजिला आणि लॅटिन वैयाकरणांनीही 'कासुस' या पतनवाचक शब्दानेच त्याचे भाषांतर केले. नेत्रवैद्यकात मात्र वरची पापणी खाली उतरण्याच्या विकारास हे नाव आहे. उतारवयात अनेकांच्या पापण्या जडावतात आणि शस्त्रक्रिया करून घ्यावी काय, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन इतकेच की, त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी 'पापणी पडली' या वाक्याचा अर्थ निश्चित केला पाहिजे. या एका वाक्यात निदान तीन भिन्न अवस्था सामावतात, आणि प्रत्येकीवरील शस्त्रक्रिया वेगळी असते.

आपल्या नित्याच्या बोलण्यातच ही संदिग्धता आहे. मराठीत 'पापणी' म्हणजे डोळ्यावरील झाकण, आणि त्या झाकणाच्या कडेचे केसही. संस्कृतात झाकणास 'वर्त्म' व केसांस 'पक्ष्म' असे स्वतंत्र शब्द आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात वर्त्माचे २१ रोग सांगितले आहेत. त्यांपैकी पक्ष्मकोपावर, म्हणजे केस आत वळून डोळ्यास टोचण्याच्या विकारावर, पापणीच्या त्वचेचा यवाकृती भाग कापून ती शिवण्याची क्रिया वर्णिली आहे. परंतु 'वातहतवर्त्म' म्हणजे न उघडणारी पापणी की न मिटणारी, याविषयी आधुनिक अभ्यासकांत एकमत नाही. हे दोन अर्थ परस्परविरुद्ध आहेत. एका संज्ञेच्या अर्थावर निदान कसे अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

आता तीन अवस्था पाहू. वरची पापणी उचलणारा मुख्य स्नायू तिसऱ्या कपालीय मज्जातंतूच्या आज्ञेत असतो. त्यास येथे उन्नायक स्नायू म्हणू. त्याच्या साह्यास असलेला म्युलरचा स्नायू आणखी सुमारे २ मिलिमीटर उचल देतो. वयोमानाने उन्नायक स्नायूची पातळ पटलासारखी कंडरा ताणली जाते किंवा आपल्या जागेवरून सुटते. स्नायू शाबूत असूनही पापणीची कडा खाली येते. हा खरा वर्त्मपात. दुसऱ्या अवस्थेत कडा जागच्या जागी असते. केवळ वरील त्वचा सैल होऊन तिची घडी कडेवर लोंबते. तिसऱ्या अवस्थेत भुवईच खाली सरकते आणि पापणीवर भार टाकते. पुष्कळदा या अवस्था एकत्र नांदतात. तथापि प्रत्येकीचा वाटा निराळा ठरवावा लागतो.

हे ठरविण्याची मापे साधी आहेत. डोळ्यासमोर दिवा धरला असता बाहुलीच्या मध्यावर जो प्रकाशबिंदू दिसतो, तेथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचे अंतर सामान्यतः ४ ते ५ मिलिमीटर असते. भुवई अंगठ्याने दाबून धरून रुग्णास आधी खाली व मग वर पाहावयास सांगतात. तेवढ्यात पापणीची कडा किती सरकते, यावरून उन्नायक स्नायूचे बळ कळते. निरोगी पापणी १२ ते १५ मिलिमीटर सरकते. ४ मिलिमीटर वा त्याहून कमी सरकल्यास स्नायू दुर्बल समजतात.

काही पतनांचे मूळ मात्र पापणीत नसतेच. सकाळी ठीक असलेली पापणी सायंकाळी उतरत असेल, तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस या विकाराची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी झाली पाहिजे. त्यावर औषधोपचार आहेत. पापणी अकस्मात पडली आणि सोबत एक वस्तू दोन दिसणे, तीव्र डोकेदुखी किंवा दोन बाहुल्यांच्या आकारात फरक असे काही आढळले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मेंदूच्या वा मानेच्या रक्तवाहिनीतील गंभीर बिघाडाची ती खूण असू शकते.

शस्त्रक्रियेचे प्रकार या भेदांना अनुसरूनच आहेत. सैल त्वचा काढून टाकणे म्हणजे आजची ब्लेफारोप्लास्टी. १८१८ मध्ये कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी ही संज्ञा पापणीच्या पुनर्रचनेसाठी वापरली होती. तिचा रूढ अर्थ पुढे बदलला. खऱ्या वर्त्मपातात उन्नायक स्नायूची कंडरा आखडून पुन्हा बसवितात. स्नायू फारच दुर्बल असल्यास पापणी कपाळाच्या स्नायूस टांगतात. वर्त्मपात असताना केवळ त्वचा कापली, तर कडा होती तेथेच राहते. भुवई उतरलेली असताना तसे केले, तर ती आणखी खाली येण्याचा संभव असतो. शिवाय हेरिंगच्या नियमानुसार दोन्ही उन्नायक स्नायूंना सारखीच प्रेरणा मिळते. म्हणून एक पापणी उचलली की दुसरीचे लपलेले पतन उघड होऊ शकते.

धोकेही जाणून घ्यावेत. त्वचा अधिक कापली गेल्यास डोळा पूर्ण मिटत नाही व कोरडा पडतो. ज्यांचे डोळे मुळात कोरडे आहेत, त्यांनी हे आधीच सांगावे. रक्त पातळ करणाऱ्या औषधांची माहिती द्यावी, मात्र ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. क्वचित नेत्रगोलामागे रक्तस्राव होऊन दृष्टीच धोक्यात येते. शस्त्रक्रियेनंतर तीव्र वेदना, वाढती सूज वा दृष्टिमांद्य जाणवल्यास क्षणाचाही विलंब करू नये.

शस्त्रक्रिया दृष्टीसाठी की रूपासाठी, हाही विवेक आवश्यक आहे. पापणी मोकळी असताना आणि चिकटपट्टीने वर उचललेली असताना दृष्टिक्षेत्र मोजले, तर तिच्यामुळे किती दिसेनासे झाले आहे ते कळते. रूपासाठी शस्त्रक्रिया करून घेण्यात गैर काही नाही. पण तेथे थांबण्यास वाव असतो आणि नकाराने काही बिघडत नाही. सारांश, शल्यचिकित्सकास प्रथम विचारावयाचा प्रश्न 'पापणी उचलता येईल काय' हा नव्हे, तर 'नेमके काय खाली आले आहे : कडा, त्वचा की भुवई?' हा होय. याचे उत्तर मापांसह मिळाल्यावाचून संमतिपत्रावर सही करू नये.